बाल्कनीतली शेगडी : लातूरच्या एका फ्लॅटमधल्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळी चहा पिताना मी एवढंच म्हटलं, "बाल्कनीसाठी एक छोटं ग्रील घ्यायचंय." दुपारी चारला फॅब्रिकेशनवाला टेप घेऊन दारात हजर. बायकोने फोन केला होता. तिच्या डोक्यात कबुतरं, माझ्या डोक्यात कणसं. आपल्याकडे ग्रील म्हणजे खिडकीचं, हे मी विसरलोच होतो. उलगडा होईपर्यंत त्याने माप घेऊनही टाकलं: लांबी ९ फूट ८ इंच, रुंदी ३ फूट ८ इंच. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्याला चहा पाजून, काही काम निघालं तर नक्की कळवतो, असं सांगून पाठवलं.

वही का, तर दोन वर्षांपूर्वी चित्र बघून आणलेला एअर फ्रायर माळ्यावर पडून आहे. या वेळी आधी लिहायचं आणि मग पैसे काढायचे, अशी घरातली अट आहे.

मूळ कारण अण्णा, माझे वडील. दसऱ्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते गाव सोडून आमच्याकडे औसा रोडला तिसऱ्या मजल्यावर आहेत. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. आणि हुरडा तर आगटीभोवती, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पेटवलेल्या विस्तवाभोवती, उकिडवं बसूनच खायचा असतो. परवा टीव्हीकडे बघत ते म्हणाले, "औंदा हुरडा न्हाई वाटतं आपल्याला." टीव्हीवर निवडणुकीची सभा चालू होती, त्यामुळे हे मलाच होतं हे समजायला थोडा वेळ लागला.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच मत देऊन आलो, दिवस मोकळा मिळाला.

बाल्कनी नीट बघितली. तिन्ही बाजूंना लोखंडी जाळीचा कठडा आहे, वर काकूंच्या बाल्कनीचा स्लॅब. एका कोपऱ्यात तुळस आणि कोरफड, दुसऱ्या कोपऱ्यात अण्णांची खुर्ची. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी डोक्याच्या उंचीवर. आत हॉलमध्ये उघडणारा सरकता काचेचा दरवाजा आणि त्याला लागून पडदा. पडदा, दोरी आणि वरचा स्लॅब या तीन गोष्टी जाहिरातीतल्या बाल्कनीत कधीच नसतात.

धूर कुठे जातो ते बघायला पाच उदबत्त्या एकत्र लावून कठड्याजवळ धरल्या. सकाळी नऊला धूर सरळ बाहेर गेला. दुपारी तिथेच घोटाळला. संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याला काही भाजायचं असेल नेमकं त्या वेळी, अर्धा धूर दारातून हॉलमध्ये आला आणि अर्धा स्लॅबच्या कडेने वळून वरच्या काकूंच्या बाल्कनीत गेला. दहा मिनिटांत काकू वाकून विचारू लागल्या, "आज काय पूजा आहे का?"

काकूंना दम्याचा त्रास आहे. हे वहीत अधोरेखित केलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

गंजगोलाईत जाऊन आलो. सोळा रस्ते फुटतात तिथून. भांड्यांची दुकानं एकीकडे, लोखंडाची दुसरीकडे, विजेच्या वस्तू तिसरीकडे, त्यामुळे एक ग्रील बघायला तीन रस्ते पालथे घालावे लागले.

भांड्यांच्या दुकानात घडीच्या पायांची पत्र्याची पेटी मिळते. वर तारेची जाळी, सोबत चार सळया. पत्रा इतका पातळ, की बोटाने दाबला तर टण्ण वाजतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, पार्टीला चालतंय." पार्टी एकदाच करायची असेल तर चालेल. इतका पातळ पत्रा निखाऱ्यावर वाकतो, मग जाळी बसत नाही. दुसरी, जाड पत्र्याची, गोल आणि झाकणाची होती. झाकणाला आणि बुडाला हवेची झडप. ती वस्तू खरी. झाकण लावून झडप कमी-जास्त केली, की आच हातात राहते, आणि काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की कोळसा आपोआप विझतो, उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. मनात ती भरली होती, हे लपवत नाही.

कोळशाचीही चौकशी केली. लागतो तो लाकडी कोळसा, इस्त्रीवाले वापरतात तो. वखारीत बाभळीचा मिळतो, जड आणि टिकाऊ. दगडी कोळशावर खायचं काही भाजू नये, त्यात गंधक असतं. पेटवायला रॉकेल ओतायचं नाही, वास अन्नाला लागतो. तळाला भोकं पाडलेल्या डब्यात खाली कागद आणि वर कोळसा घालून ठेवला, की वीसएक मिनिटांत वरचे कोळसे राखाडी होतात. तोवर मात्र तो भरपूर धुरकटतो. म्हणजे भाजण्याच्या धुराआधी पेटवण्याचा धूर आहेच.

आणि दिसणारा धूर परवडला. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती यामुळेच. आमची बाल्कनी उघडी आहे, पण उदबत्तीने दाखवलंच की संध्याकाळी हवा आत वळते. पाऊस आला, वारा सुटला म्हणून कुणी ती शेगडी उचलून आत आणली आणि दार लावलं तर? निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही तो वायू निघतच असतो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सोसायटीच्या सचिवांना जिन्यात गाठलं. लेखी नियम काही नाही. पण एकदा कुणीतरी गच्चीवर चूल पेटवली होती आणि टाकीचा प्लास्टिकचा पाइप वितळला, तेव्हापासून ते आगीच्या नावाने दचकतात. म्हणाले, "तुम्ही समजदार आहात. धूर वर नको, राख खाली नको. बाकी तुमची बाल्कनी." खालच्या मजल्यावर नवं बाळ आहे, त्याची दुपटी तारेवर असतात, हेही त्यांनीच सांगितलं.

कोळसा बाल्कनीतून बाद. गोल झाकणाच्या शेगडीचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे.

१ डिसेंबर, रविवार

गॅसचा विचार. हा लवकर आटपला.

घरचं १४.२ किलोचं सिलिंडर बाल्कनीत ओढून आणायचं नाही, नळी लांबवायची नाही, हे आधीच ठरलं होतं. उरले ते टेबलावर ठेवायचे छोटे बर्नर. त्यांना फवाऱ्याच्या डब्यासारखं सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास ब्युटेनचं नळकांडं लागतं. ते इथे दुकानात मिळालं नाही. मागवावं लागणार, आणि संपलं की पुन्हा मागवावं लागणार. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि उंबरा ओलांडून हॉलमध्ये येतो. आमच्या दाराला उंबरा आहे जेमतेम अर्धा इंच. संध्याकाळच्या वाऱ्यात ज्योत विझते म्हणून आडोसा करावा, तर त्या आडोशात नळकांडंच तापतं.

बाद.

६ डिसेंबर, शुक्रवार

राहिली वीज. वायरमनला बोलावलं.

बाल्कनीत एक सॉकेट आहे, सहा अँपिअरचं. ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट, तेही त्याच्या अगदी टोकाला. आणि मी बघतोय ती यंत्रं १,६०० ते २,००० वॅटची. १,६०० वॅटला सात अँपिअर लागतात, २,००० ला पावणेनऊ. "सर, लावून बघा, चालेल थोडे दिवस," असं वायरमन म्हणाला नाही, म्हणून मला तो आवडला. त्याने सॉकेट उघडून आतली काळी पडलेली तार दाखवली. त्याच सॉकेटवर आम्ही दिवाळीत माळा आणि इस्त्री एकदम लावली होती.

एक्स्टेन्शन बोर्डाचा विषय मी काढताच त्याने मान हलवली. बारीक तार, गुंडाळी करून ठेवलेली, त्यावर तासभर सात अँपिअर: ग्रीलच्या आधी वायर भाजायची.

मग त्याने मीटर लावून दाब मोजला. संध्याकाळी साडेसातला २०५ व्होल्ट. मला वाटलं, २३० च्या जागी २०५ म्हणजे थोडासाच फरक. तसं नसतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात घटते: २०५ भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.७९. खोक्यावर १,६०० वॅट लिहिलेलं यंत्र आमच्याकडे संध्याकाळी १,२७० वॅटचं होतं. "बाहेरच्या व्हिडिओत पनीर आठ मिनिटांत कसं होतं आणि आपल्याकडे का होत नाही" याचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

काम ठरलं: मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतःचा एमसीबी, अर्थिंग तपासून. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आधीपासून आहे, त्याने बटण दाबून तो पडतो का ते पाहिलं. पडला. अंधारात अण्णांचा आवाज आला, "आता काय करूलालास रे?"

खर्च, मजुरीसह २,१००. ग्रील अजून यायचंच आहे.

११ डिसेंबर, बुधवार

रात्री जेवणानंतर बसून यंत्रांची तुलना. बायको पण बसली, कारण आकडे आले की तिला झोप येत नाही.

बायकोचा मुद्दा पहिला, आणि तो माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा पुढचा: भांडं सिंकमध्ये मावतं का? हे शहर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यालेलं आहे. नळाला आजही रोज पाणी नाही. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावी लागणारी जाळी या घरात चालणार नाही. म्हणून जाळी सुटी, ट्रे सुटा, कॉइलही सुटी होणारी हवी.

दुसरा मुद्दा वॅटचा. मोठं यंत्र २,००० वॅटचं, जाळी ५० बाय ३२ सेंटिमीटर. म्हणजे १,६०० चौरस सेंटिमीटरवर २,००० वॅट, सव्वा वॅट प्रत्येकी. छोटं १,६०० वॅटचं, जाळी ३८ बाय २४, ९१२ चौरस सेंटिमीटर, पावणेदोन वॅट. मोठं यंत्र खोक्यावर तगडं, जाळीवर पातळ. आमच्यासारख्या चार माणसांना, तेही घटलेल्या व्होल्टेजवर, छोटंच बरं.

तिसरा, प्लेट की उघडी कॉइल. प्लेटवालं म्हणजे रेघा मारलेला विजेचा तवा. धूर सर्वांत कमी, पण वांगं त्यावर भाजत नाही, शेकतं. उघड्या कॉइलवर जाळी आणि खाली पाण्याचा ट्रे असेल तर आच थेट लागते, आणि टपकलेलं तेल पाण्यात पडतं, जळत नाही, म्हणून धूर होत नाही. पाणी ट्रेमधल्या खुणेच्या वर नको, कॉइलला लागता कामा नये. आणि भाजताना ते आटतं, तेव्हा बघत राहायचं.

उघडी कॉइल, पाण्याचा ट्रे, १,६०० वॅट. ऑर्डर दिली. २,७५०.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला प्रयोग फसला.

वांगं ठेवलं, चाळीस मिनिटं झाली. साल सुरकुतली, काळी झाली नाही. पनीर जाळीला चिकटलं, काढताना निम्मं खाली ट्रेमध्ये पोहायला गेलं. कांदे बाहेरून कोमट, आतून कच्चे. धाकटी म्हणाली, "बाबा, गॅसवरच भाजा ना." अण्णा काहीच बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

१६ डिसेंबर, सोमवार

काय चुकलं, ते एकेक करून. यंत्र लावल्या लावल्या भाजायला घेतलं. दहा मिनिटं रिकामं तापू द्यायला हवं होतं. तेल जाळीला लावलं होतं, ते पनीरला लावायला हवं. ट्रेमध्ये फ्रिजचं गार पाणी ओतलं होतं, त्याने स्वतःच आच खाल्ली. आणि वारा. कॉइलवरून सतत गार वारा जात असेल तर १,२७० वॅटमधले किती वांग्याला लागणार?

वाऱ्याच्या बाजूला जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, घडी घालून उभा केला, यंत्रापासून वीतभर लांब. वर झाकण म्हणून स्टीलचं मोठं पातेलं पालथं. पडदा वर गुंडाळून बांधला, नायलॉनची दोरी सोडून ठेवली.

२२ डिसेंबर, रविवार

आज जमलं. वांगं पंचवीस मिनिटांत, उभी चीर देऊन आणि लसणाच्या पाकळ्या खोचून. साल गॅसवर होते तशी कोळपली नाही, पण आतला गर लोण्यासारखा. पनीर सुटं निघालं. मक्याची कणसं झकास. कोंबडीचे तुकडे लहान करून, सळईवर दाटीने न लावता थोडी फट ठेवून. सगळ्या बाजूंनी रंग आला. वरून काकूंची हाक नाही. मीच वर जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "कधी केलं? कळलंच नाही." एक कणीस देऊन आलो.

भरताला धुराचा वास हवा होता, त्यासाठी धुंगार दिला. अंगठ्याएवढा एक निखारा वाटीत, ती वाटी भरताच्या पातेल्यात, वरून चमचाभर तूप, लगेच झाकण. पाच मिनिटं. धूर पातेल्यातच राहतो. ही युक्ती आईची. त्या छोट्या निखाऱ्यासाठी अख्खी शेगडी विकत घ्यायला निघालो होतो मी.

वीज: पाऊण तास, मीटरवर बघून एक युनिटच्या आसपास.

२५ डिसेंबर, बुधवार

खरी परीक्षा. चुलतभावाने आगाप पेऱ्यातली गूळभेंडी ज्वारीची वीसएक कणसं पाठवली. अण्णांनी एक हातात घेऊन अंगठ्याने दाणा दाबला, दूध किती आटलंय ते बघितलं आणि म्हणाले, "झालाय."

जाळीवर ठेवली. दोन मिनिटांत कूस, म्हणजे दाण्याभोवतीचं तूस, गळून कॉइलवर पडली आणि जळाली, आणि ज्या धुराला टाळण्यासाठी सव्वा महिना घालवला तो सगळा एकदम आला. बंद केलं. मग जाळीवर लोखंडी तवा ठेवून त्यावर भाजली. धूर थांबला. हातावर चोळून, फुंकून, दाणे अण्णांच्या तळहातावर दिले. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही, सगळं होतं.

त्यांनी दोनदा खाल्ले. "गोड हाय," म्हणाले. थोड्या वेळाने, "उकडल्यावानी लागतंय जरा."

बरोबर बोलले. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव कणसाला चहूकडून लागतो, कूस तिथेच जळून जाते आणि तो जळका वास दाण्यात बसतो. तो वास धुंगारानेही येत नाही. रात्री करून बघितलं, हुरडा तुपकट झाला.

२६ डिसेंबर, गुरुवार

झोप लागली नाही म्हणून वही उघडली. सव्वा महिना मी बाल्कनीला कोणती शेगडी सोसेल हे शोधत होतो. अण्णांची अडचण बाल्कनीची नव्हतीच. शेत आहे, आगटी आहे, गोवऱ्या आहेत. फक्त त्यांना खाली बसता येत नाही. म्हणजे आगटी वर आणायला हवी.

सकाळी आठला फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला. म्हटलं, "ग्रील करायचंय." तो म्हणाला, "सर, बाल्कनीचं ना? माप आहे माझ्याकडे." नाही म्हटलं, खुर्चीचं माप घ्यायला या.

प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ इंच. अण्णांना बसवून, हात पुढे करायला लावून मोजलं: कड २६ इंचांवर हवी. पेटी दोन फूट बाय सव्वा फूट, खोली सात इंच, तीन मिलिमीटरची प्लेट. बुडाला आणि बाजूंना हवेची भोकं. पाय एक इंची चौकोनी पाइपचे, नटबोल्टवर घडी होणारे, म्हणजे गाडीच्या डिकीत मावेल. त्याच्याकडे उरलेला जस्ताचा पत्रा होता, तो स्वस्तात देतो म्हणाला. नको म्हटलं, जस्ताचा थर तापला की त्याचा धूर विषारी असतो. आतून रंगही नको. बाहेरून त्याने काळा मारलाच, सवयीने.

२८ डिसेंबर, शनिवार

शेगडी आली. २,४००. वजन अंदाजे सोळा किलो. खाली पार्किंगच्या बाहेर, उघड्यावर, सचिवांना सांगून, नुसता कोळसा घालून तासभर तापवली, बाहेरचा रंग आणि वेल्डिंगचा वास जाईपर्यंत. सचिव शेजारी पाण्याची बादली घेऊन उभे होते. विझल्यावर ती बादली त्यांनी झाडांना घातली.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. जिल्ह्यात सुट्टी असते, शहर दुपारपर्यंत ओस पडतं, सगळे रानात. अण्णा पुढच्या सीटवर, मांडीवर उशी.

रानातल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली, जेवणं झाली. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. अण्णा कोपीबाहेर खुर्चीवर बसून जेवले. मग ज्वारीच्या कडेला शेगडी मांडली. फुटलेल्या गोवऱ्या आत बसवल्या, ज्वाला खाली बसून लाल विस्तव होईपर्यंत थांबलो. जाळी काढून ठेवली. कणसं थेट विस्तवात. रानातली सगळी भरली नव्हती, बांधाकडची एक पट्टी तेवढी झाली होती, तिथली अण्णांनी सांगितली तीच खुडली.

सात इंच खोली कमी पडली. वारा आला की राख उडून बाहेर येते, दोनदा चटणीत पडली. पुढच्या वेळी वाऱ्याच्या बाजूला चार इंचांची उभी पट्टी लावून घ्यायची. पायांखाली मऊ काळ्या मातीत फरशीचे तुकडे ठेवावे लागले, नाहीतर एक पाय रुतून पेटी कलते.

अण्णांनी काठीने कणसं फिरवली, आम्हा कुणाला हात लावू दिला नाही. चुलत्यांनी विचारलं, "हे काय आणलंस बे शहरातून?" अण्णा म्हणाले, "गिरील हाय."

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी. बाल्कनीत विजेवर वांगी भाजली. जमाखर्च: तार आणि सॉकेट २,१००, यंत्र २,७५०, शेगडी २,४००, कोळसा आणि बाकी किरकोळ ३१०. एकूण ७,५६०. बायकोने बेरीज तपासली, आणि माळ्यावरच्या एअर फ्रायरची किंमत शेजारी लिहून ठेवली.

शेगडी गावी कोपीतच ठेवली आहे. चुलत्यांचा काल फोन होता. पट्टी त्यांनीच गावच्या लोहाराकडून लावून घेतली, आणि दोन दिवसांसाठी ती शेजारच्या रानात गेली आहे.